विलापाचा सर्ग

हर्षदाला कॉलेजात खरं तर इंग्रजी विषय हवा होता. तिथल्या जागा भरलेल्या होत्या आणि संस्कृतच्या वर्गात बाकं रिकामी होती, म्हणून ऑफिसातल्या बाईंनी तिला तिकडे पाठवलं. एवढं वर्ष काढू, मग विषय बदलून घेऊ, असं ठरवून ती बसली आणि मग उठलीच नाही. आता ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

सुरतच्या बमरोली भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कधी संस्कृत येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वडील हेमराज डाईंग मिलमध्ये रंगखात्यात होते. आई घरी बसून साड्यांना लेस लावायची. आणि आजी धुरपदाबाई, शिरपूरकडच्या खेड्यातून विधवा होऊन सुरतेत आलेली, अजूनही अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसे. या सगळ्यांच्या मधे बसून हर्षदा मोठ्याने श्लोक म्हणायची. एखाद्या ओळीचा अर्थ लागला की तिच्या हातावर काटा उभा राहायचा. हे कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल. कुणी पाठ केलं, कुणी उतरवून घेतलं, मधे किती राजे आले नि गेले, किती घरं जळाली, किती पुरात वाहून गेली, आणि ते शब्द हिंडत हिंडत बमरोलीला येऊन तिच्या तोंडात बसले. पांडेसऱ्याच्या स्टॉपवर बसची वाट बघताना ती पुटपुटत राही. लोक बघायचे. तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या हिवाळ्यात एका जुन्या महाकाव्यातला एक सर्ग अभ्यासाला होता. राजा लढाईत मारला गेलाय, त्याला नदीकाठी आणून ठेवलंय, आणि राणी त्याच्याशी बोलतेय. सबंध सर्गात एवढंच घडतं. हर्षदाला तो सर्ग आवडला नाही. इतर ठिकाणी तिला दिपवून टाकणारा हाच कवी इथे तिला लांबण लावणारा वाटला.

आजी पापडीच्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "काय वाचस बेटा?"

"राजा मरतो, आजी. त्याची राणी रडते."

"कितली रडस?"

"ऐंशीएक श्लोक."

आजीने शेंगेतला दाणा टोपलीत टाकला. "मंग कमीच शे," ती म्हणाली.

हर्षदा हसली. आजीने गंमत केली असं तिला वाटलं.

वर्गात तिने आपलं मत सांगूनही टाकलं. शिकवायला भूपेंद्र सर होते. निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे, मुलांचं बोलणं पुरतं ऐकून घेणारे. वर्ग गुजरातीतून चालायचा.

"सर, समोर मेलेलं माणूस असताना इतकं कुणी बोलत नाही," हर्षदा म्हणाली. "माणसाचा आवाजच बंद होतो. ही राणी आधी त्याला हाक मारते, मग भांडते, मग त्याच्या घोड्याशी बोलते, नदीशी बोलते. हे कवीने निवांत बसून रचलेलं आहे."

मागच्या बाकावरची जागृती म्हणाली, "आणि शेवटी ती मुलाकडे वळते, ते तर अगदीच उगाच वाटतं. इतका वेळ मुलगा कुठे होता?"

"तो भाग मागाहून कुणीतरी घातला असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे," सर म्हणाले. "हर्षदा म्हणते तेही खरं असेल. मी हा सर्ग खूप वर्षं शिकवला, पण मयताशी असं बोलणारं माणूस मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. आमच्यात कुणी गेलं की सगळे गप्प बसतात आणि स्पीकरवर नामजपाची धुन लावतात."

तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी हर्षदा केस विंचरत असताना वडिलांचा फोन वाजला. धुडकूमामा गेले होते.

धुडकूमामा म्हणजे आजीचा पाठचा भाऊ. घरातल्या सगळ्यांचेच ते मामा. नवरा गेल्यावर आजीला आणि लहानग्या हेमराजला सुरतेला आणणारे, खोली बघून देणारे, स्वतः लूमवर रात्रपाळी करून दिवसा भाच्याला शाळेत पोचवणारे तेच. पुढे त्यांच्या मुलाने, योगराजने, एम्ब्रॉयडरीची मशीनं टाकली, त्याचं चांगलं चाललं, आणि पलसाण्याच्या बाजूला नव्या सोसायटीत त्याने फ्लॅट घेतला. मामा शेवटची वर्षं तिथे राहायला होते. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. आजी त्यांच्याशी बोलायची तेव्हा शेजारचे दार उघडून बघायचे, भांडण लागलं की काय म्हणून.

बातमी ऐकून आजी उठली. तिने लुगडं बदललं, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रिक्षात हर्षदा तिच्या शेजारी बसली होती. हायवेच्या कडेने रंगाच्या कारखान्यांची धुराडी मागे पडत होती. आजीच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं. हर्षदाला भीती वाटली. तिने आजीचा हात धरला. तो कोरडा होता आणि शांत होता.

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वर हॉलमध्ये सोफे भिंतीला लावून मधे मामांना निजवलं होतं. योगराज पांढऱ्या कपड्यांत, कानाला फोन लावून, शबवाहिनी किती वाजता येणार ते विचारत होता. त्याची बायको शीतल स्पीकर शोधत होती. खोली माणसांनी भरलेली होती, आणि सगळे दबक्या आवाजात बोलत होते.

आजी आत आली तशी माणसांनी वाट दिली. ती मामांच्या उशाशी खाली बसली. पदर पुढे ओढून घेतला. उजवा हात त्यांच्या कपाळावर ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात तसा. मग तिने श्वास घेतला आणि हेल काढला.

हर्षदाने तो आवाज यापूर्वी ऐकला नव्हता. आजीच्या रोजच्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. तो खालून, पोटातून निघाला, वर चढला, तिथे थरथरत थांबला आणि मग शब्दांच्या पायऱ्यांवरून उतरत आला.

"भाऊ रे, मना भाऊ, खाले काबर झोपना रे? तुले तं खाटबी टोचे, आज तुले फरशी गोड लागनी का रे भाऊ?"



काव्यातली राणीही असंच म्हणते. अंथरुणाची सुरकुती ज्याला सोसत नव्हती तो तू, वाळूवर कसा निजलास? हर्षदाने त्या ओळीखाली पेन्सिलीने 'अतिशयोक्ती' असं लिहिलं होतं.

आजी पुढे चालली होती. आता ती भांडत होती. मोठ्या बहिणीच्या आधी निघायचं हे कुठलं शहाणपण, हे तुला कुणी शिकवलं. मला न सांगता कुठे चाललास. तू आजवर कधी चहासुद्धा मला विचारल्याशिवाय प्यायला नाहीस. मग तिने त्याच्या विडीचा विषय काढला, आणि ती विडी सोडायची शपथ त्याने किती वेळा मोडली ते सांगितलं, आणि त्या हेलातच, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना, त्याला वेड्यात काढलं. एका म्हाताऱ्या बाईला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला आणि त्या हसण्यातूनच ती रडायला लागली. मग तिच्या शेजारची. बायका सरकत सरकत आजीच्या भोवती येऊन बसल्या. प्रत्येक ओळीच्या अखेरीला त्या नुसता सूर धरत होत्या, आजीला पुढच्या ओळीपर्यंत पोचवण्यापुरता.

आजीने त्याच्या सायकलला हाक मारली, जी केव्हाच भंगारात गेली होती. लूमला हाक मारली: तू माझ्या भावाचे कान खाल्लेस, आता तरी तुझं पोट भरलं का. मग माहेरच्या वाटेला. "आखाजीले माले कोन लेवाले यी रे भाऊ?" खानदेशात आखाजीच्या सणाला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. सुरतेत आल्यावर माहेर दोन गल्ल्यांवर होतं, पण मामा दरवर्षी आखाजीला नवा सदरा घालून तिला न्यायला यायचे आणि ती पिशवी भरून त्यांच्याबरोबर चालत जायची. हर्षदाने ते लहानपणापासून पाहिलं होतं. ते पाहणं आणि हे ऐकणं यांत केवढं अंतर होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिला जे वाटत होतं ते दुःखच होतं असं तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांसमोर काहीतरी प्रचंड उघडत होतं आणि ती त्याच्या दाराशी उभी होती.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी आले. भला माणूस होता, हात जोडूनच उभा होता. तो योगराजला म्हणाला की खालच्या मजल्यावर परीक्षेचा मुलगा आहे, आवाज जरा सांभाळता आला तर बरं. योगराजचा चेहरा उतरला. तो हर्षदाजवळ आला.

"हर्षदा, तू शिकलेली आहेस. फुईला जरा आत घेऊन जा ना," तो म्हणाला. आत्याला तो फुई म्हणायचा. "पाणी दे, पडू दे थोडी. इथे ही पद्धत नाही. आपण धुन लावू, शांत वाटेल सगळ्यांना."

हर्षदा गेली. बायकांच्या मधून वाट काढत ती आजीच्या मागे जाऊन बसली आणि तिला उठवायला म्हणून तिने पाठीवर हात ठेवला.

हाताखाली आजीचा श्वास चालू होता. तो पूर्ण भरायचा, ओळ त्यावर स्वार होऊन निघायची, मधे एका जागी क्षणभर टेकायची, आणि पुन्हा निघून संपायची. पुढची ओळ तशीच. तिच्या पुढचीही तशीच. ते टेकणं हर्षदाच्या ओळखीचं होतं. श्लोकाच्या चरणात मधे थांबायची जागा असते, तिला यती म्हणतात. व्याख्या तिने पाठ केली होती, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. यती म्हणजे फुप्फुसात उरलेला श्वास, हे तिला आता हाताला लागलं. पुस्तकात मोजून ठेवलेलं जे जे होतं ते आधी कुणाच्या तरी पाठीत होतं. तिचा हात तिथेच राहिला. तिला तो काढवेना.

"तुले ऐकू येत नही," आजी म्हणत होती, "म्हनीसन मी जोरमा बोलस रे भाऊ. लोकेसले वाईट वाटो. मी जोरमा बोलस."

हर्षदाने मान वर करून योगराजकडे पाहिलं.

"काका, थोडं थांबा," ती म्हणाली.

"अगं, पण खाली..."

"मी जाऊन त्यांना सांगेन. थोडं थांबा."

योगराज चिडला. तो काही बोलणार तेवढ्यात आजीने पदर मागे सारला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. हेल तुटला नाही. तिने तो नुसता वळवला, मामांवरून त्यांच्या मुलावर.

"योगराज, तू तढे काबर उभा शे? इकडे ये. हाऊ तुना बाप शे."

योगराज जागचा हलला नाही. मग आजीने त्या सुरातच एक हकीकत सांगितली. योगराज दहावीला नापास झाला तेव्हा घरी न येता पळून गेला होता. मामा सायकल काढून दिवसभर शोधत हिंडले आणि संध्याकाळी चलथाणच्या साखर कारखान्याच्या फाटकाशी, उसाच्या गाड्यांच्या रांगेत, त्यांना तो सापडला. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. ऊस खायला दिला, लहानपणी ज्याला पुढच्या दांडीवर बसवायचे तो आता मोठा झालेला पोरगा सायकलवर मागे बसवला, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की मीच याला कारखाना दाखवायला नेलं होतं. एवढं योगराजला माहीत होतं. पुढचं नव्हतं. तुझा बाप, आजी म्हणाली, चलथाणपासून बमरोलीपर्यंत रडत सायकल चालवत आला. पोरगा मागे होता म्हणून त्याला दिसलं नाही. भाऊ रे, ते तू मला एकटीला सांगितलंस, आणि मला शपथ घातलीस. आता तू गेलास, तुझी शपथ सुटली. आता मी सांगते.

योगराजच्या हातातला फोन वाजत होता. त्याने तो घेतला नाही. तो हळूहळू खाली बसला, गुडघ्यांवर सरकत बापाच्या पायांशी गेला आणि तिथे डोकं टेकवलं. सकाळपासून तो रडला नव्हता. शीतल नंतर सांगत होती की लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज त्या हॉलमध्ये असा उठला की दारातले सेक्रेटरी चपला काढून आत आले आणि मागे भिंतीशी बसले. खाली जाऊन कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

हर्षदाला तो शेवटचा भाग आठवला, मागाहून घातलेला. राणी मुलाकडे वळते तो. एकाएकी तिला कळलं की तो सर्ग सगळा त्याच वळणाकडे चाललेला होता. मेलेल्याला हाक मारून मारून ती बाई जिवंत माणसापर्यंत येत होती, जो दूर उभा राहून कामं करत होता आणि ज्याला जवळ यायची वाट सापडत नव्हती. घोडा, नदी, अंथरूण, भांडण, ही सगळी वाट होती.

आजी थांबली तीही एकदम. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, मामांच्या कपाळावरचा हात काढून घेतला.

"पानी दे वं," ती शीतलला म्हणाली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "आते उचला."

आणि माणसं उठली. तोवर कुणी कुठे धरायचं, केव्हा निघायचं, काही ठरत नव्हतं. आता सगळं आपोआप झालं.

दोन दिवसांनी हर्षदा आजीला विचारत बसली. तू आधी हे म्हणालीस, मग ते, हे तुला कुणी शिकवलं? कुठे कुणाशी बोलायचं ते कसं कळतं?

आजी वैतागली. "माले काय याद नही. रडानं काम, रडी लिधं."

"पण कुणाकडून तरी शिकली असशील."

"मनी माय रडे. तिना जोडे बठी बठी येस." आईजवळ बसून बसून येतं. एवढं बोलून तिने विषय संपवला.

दहाव्याचे विधी उरकल्यावर योगराज बमरोलीला आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्याने हर्षदाला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशीचं कुणी मोबाईलमध्ये घेतलंय का. कुणीच घेतलं नव्हतं. मग तो आजीपाशी जाऊन बसला. "फुई, ते चलथाणचं परत एकदा सांगशील?"

आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. साध्या बोलण्यात तिने ती हकीकत सांगितली, चार वाक्यांत. योगराजने मान हलवली. दोघांनाही माहीत होतं की हे ते नव्हे.

वर्ग सुरू झाले तेव्हा हर्षदाने भूपेंद्र सरांना सगळं सांगितलं. वर्गात जागृती होती, आणखी तिघंचौघं होती. सांगताना तिने फळ्यावर चरणाच्या मात्रा मांडल्या, आजी जिथे टेकत होती तिथे उभी रेघ मारली आणि राणीची ओळ त्याच श्वासात म्हणून दाखवली. म्हणताना तिचा आवाज स्वतःहून चढला. तिला तो आवरावा असं वाटलं नाही. 

सर उठून फळ्यापाशी आले.

"माझी आई गेली तेव्हा घरात खूप शांतता होती," ते म्हणाले. "मला त्या शांततेचा अभिमान वाटला होता." मग त्यांनी चष्मा पुसला. "तो शेवटचा भाग कुणी मागाहून घातलेला असेलही. पण ज्याने घातला तो मयतीहून उठून आलेला माणूस असणार."

"आणि कवी, सर?" जागृतीने विचारलं.

"तो कुणाच्या तरी मागे बसलेला असणार. पाठीवर हात ठेवून."

तास संपल्यावर हर्षदा विभागाच्या ग्रंथालयात गेली. दुपारची वेळ होती, तिथे पंख्याचा आवाज सोडला तर काही नव्हतं. तिने महाकाव्याची जाडजूड प्रत काढली. तिच्याकडच्या झेरॉक्समध्ये नेमलेला सर्ग तेवढा होता, म्हणून आजवर तिने पुढचं पान उलटलंच नव्हतं. आज तिने उलटलं. नवा सर्ग सुरू होत होता. छंद बदललेला होता, ओळी आखूड झाल्या होत्या. पहिला श्लोक तिने दोनदा वाचला, पदं सुटी केली, क्रियापद शोधलं. नदीवरून सगळे परतले आहेत, दिवस कलला आहे, आणि राणी पागेतल्या माणसाला विचारते आहे, घोड्यांना सकाळपासून कुणी पाणी दाखवलं का.

एवढंच होतं त्या श्लोकात. हर्षदाच्या हातावर काटा आला. तिने पेन्सिल बाजूला ठेवली आणि पुढचा श्लोक मोठ्याने वाचायला घेतला.